उंबरठ्याच्या आत : बाल संरक्षणातील समाजकार्य

मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, मजुरी, बालविवाह आणि बेवारसपणा यांपासून मुलाला वाचवणे आणि वाचवल्यावर त्याचे आयुष्य पुन्हा मार्गी लावणे, ही समाजाने पत्करलेली जबाबदारी म्हणजे बाल संरक्षण. कायद्याने ही जबाबदारी समित्या, न्यायालये, पोलीस, दवाखाने आणि बालगृहे यांच्यात वाटून दिली आहे. यांतल्या बहुतेकांकडे मूल आणले जाते. मुलाच्या घरी जाऊन बसणारा माणूस मात्र सामाजिक कार्यकर्ताच असतो. कागदोपत्री तो संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, क्षेत्रीय कार्यकर्ता किंवा एखाद्या संस्थेचा केसवर्कर असतो. वस्तीत त्याची ओळख ‘बालकल्याणच्या मॅडम’ किंवा ‘संस्थेचे सर’ एवढीच असते.

कामाचा गाभा गृहभेटीत आहे. समजा, नऊ वर्षांच्या एका मुलीच्या हातांवर भाजल्याच्या खुणा असल्याचे शाळेतून कळले. कार्यकर्ती घरी पोहोचते, चपला बाहेर काढते, पुढे केलेले पाणी घेते. बोलणे सुरू होण्याआधी तिची नजर घरभर फिरून येते: किती अंथरुणे आहेत, मुलगी कुठे झोपते, कडी आतून लागते का, दप्तर कुठे टांगले आहे, रेशनकार्डावर किती नावे आहेत आणि घरात माणसे किती. प्रश्न विचारल्यावर उत्तर देण्याआधी कोण कोणाकडे पाहते, हेही ती टिपते. मग मुलीला अंगणात घेऊन बसते, घरच्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. ‘कोणी मारलं?’ हा प्रश्न ती आधी विचारत नाही. ‘सकाळी उठल्यावर काय काय करतेस?’ असे विचारते. उत्तरातून कळते की मुलगी पाणी भरते, चूल पेटवते आणि आई कामावर गेल्यावर पाच माणसांच्या भाकरी थापते. खुणा चुलीच्या आहेत. आता याला काय म्हणायचे? छळ, उपेक्षा, की गरिबी? आईला दोष द्यायचा, की आईच्या रोजगाराच्या वेळा, बंद पडलेले पाळणाघर आणि दारू पिऊन पडून राहणारा बाप यांचा हिशेब मांडायचा? आणि खुणा खरोखर चुलीच्याच आहेत का, की मुलीला तसे सांगायला शिकवले आहे? एका भेटीत याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीत, शेजारणीशी आणि वर्गशिक्षिकेशी बोलल्यावर चित्र हळूहळू स्पष्ट होते.

जे पाहिले ते लिहावे लागते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी व्हावी आणि समितीने पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा, अशी मुदत कायद्याने आखली आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांच्यापुढे मूल काही मिनिटे उभे राहते. मागे उरतो तो अहवाल. मूल घरी परत जाणार, मामाकडे राहणार, बालगृहात जाणार की दत्तकासाठी मोकळे ठरणार, हे मोठ्या प्रमाणावर त्या चार-सहा पानांवर ठरते. त्यामुळे अहवालातले एकेक वाक्य तोलून लिहावे लागते. ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे’ हे वाक्य असंख्य अहवालांत सापडते आणि त्यातून समितीला काहीही कळत नाही. ‘घरात दोन दिवसांचे पीठ होते, आईला आठवड्यात तीन दिवस काम मिळाले, मुलगा गेल्या महिन्यात अकरा दिवस शाळेत गेला’ असे लिहिले, तर आदेश देणाऱ्यांना धरायला काहीतरी मिळते. ‘आई बेजबाबदार आहे’ हा शेरा आहे, निरीक्षण नाही. हा फरक अंगवळणी पडायला वर्षे जातात, आणि तो पडला नाही तर त्याची किंमत मूल मोजते.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात कायद्याच्या बरीच आधी झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला गुपचूप येऊन बाळंत होता यावे, मूल तिथे ठेवायचे की सोबत न्यायचे हे तिने ठरवावे, अशी त्याची रीत होती. तिथेच बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. आज मूल समितीकडे सुपूर्द करू पाहणाऱ्या आईची ओळख गुप्त ठेवली जाते, तिला समुपदेशन दिले जाते आणि निर्णय फिरवायला दोन महिने मिळतात. ही तरतूद नव्या कायद्याची असली, तरी आईला न हिणवता बाळ वाचवण्याची तिच्यामागची बुद्धी पुण्याच्या त्या घरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दिसली होती. समाजकार्याचे शिक्षण देताना या घराचा उल्लेख समाजसुधारणेच्या इतिहासात होतो. बाल संरक्षणाच्या इतिहासात त्याला पहिले पान मिळायला हवे.

पुढच्या काही दशकांत आणखी घरे उभी राहिली. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने अनाथ बालकाश्रम निघाला. वारीच्या गावात टाकून दिलेली अर्भके सापडत, त्यांना तिथे आसरा मिळाला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि स्त्रिया केडगावला वसवल्या. सरकारची वाट वेगळी होती. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून चुकार आणि गुन्हेगार मुलांसाठी सुधारशाळा निघाली. पुढे १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे आले. दयाळू हातांनी चालवलेला आश्रम आणि शिस्तीसाठी चालवलेली सुधारशाळा अशा या दोन परंपरा होत्या. आजच्या बालगृहात आणि निरीक्षणगृहात त्या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. निरीक्षणगृहाला लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात, आणि तिथे गेलेल्या मुलाकडे अजून त्याच नजरेने पाहतात.

भारतीय तुरुंग समितीने (१९१९-२०) मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केली. मद्रास, बंगाल आणि १९२४ मध्ये मुंबई प्रांताने बालकायदे केले. मुंबईच्या कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द ही नावे पुढे मुंबईतल्या बालगृहांशी कायमची जोडली गेली. १९३६ मध्ये नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मन लावून केलेली सेवा आणि शिकून केलेले काम यांच्यातली रेघ मराठी मुलखात इथून उमटायला लागली. निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) यांनी ती पुढे नेली.

जगात या विषयाचा आरंभ सहसा १८७४ च्या न्यूयॉर्कपासून सांगितला जातो. मेरी एलन विल्सन या मुलीला तिची पालक बाई बेदम मारत असे. एटा व्हीलर या सेवाभावी बाईने धावाधाव केली, पण मुलीला सोडवण्यासाठी कोणी पुढे येईना. शेवटी प्राणिदया संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्या मदतीने प्रकरण न्यायालयात गेले. त्यातूनच मुलांवरील क्रूरता रोखण्यासाठी पहिली संस्था जन्माला आली. ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने मुलाला छळणाऱ्या आईबापाविरुद्ध पोलिसांना घरात शिरण्याचा अधिकार दिला. मूल ही बापाची मालमत्ता, हा हजारो वर्षांचा समज तिथून कायद्याने मोडायला सुरुवात झाली. या पहिल्या प्रवाहाला ‘बचाव’ हा शब्द लागू पडतो: वाईट घरातून मूल उचला, चांगल्या जागी ठेवा.

दुसरा प्रवाह व्यक्तिकार्याचा. १९१७ मध्ये मेरी रिचमंड यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात कुटुंबाची माहिती कशी गोळा करावी, पुरावा आणि अनुमान यांत फरक कसा करावा, शेजारी, शिक्षक आणि डॉक्टर यांचे म्हणणे कसे तपासावे, याची पद्धत घालून दिली. आजच्या सामाजिक तपासणी अहवालाचा सांगाडा त्या पद्धतीतूनच आला आहे. तिसरे वळण डॉक्टरांनी दिले. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या हाडांमधल्या जुन्या-नव्या फ्रॅक्चरांवरून ‘मार खाल्लेल्या मुलाचा लक्षणसमूह’ मांडला. क्ष-किरणाच्या फिल्मवर जे दिसले ते नाकारणे कोणालाच शक्य नव्हते. अमेरिकेत काही वर्षांतच संशय आला तरी कळवण्याची सक्ती करणारे कायदे राज्याराज्यांत झाले. या वळणाने अनेक जीव वाचले. पण छळ हा घरातला रोग आणि कार्यकर्ता हा त्याचे निदान करणारा, अशी एक सवयही लागली. गरिबी, स्थलांतर, जात या गोष्टी फिल्मवर दिसत नाहीत.

त्याआधीच जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालातून दुसरी बाजू पुढे आली. बाळाचे त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी जे नाते जुळते, ते तुटल्याची जखम खोल असते; वाईट घरातून काढलेले मूलही त्या घरासाठी रडते. यातून कुटुंबाला आधार देणारा चौथा प्रवाह वाढला: मूल हलवण्याआधी घर सावरता येते का ते पाहा. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात कुटुंबाची, म्हणजे आजी-आजोबा, काका-मामा या सगळ्यांची, बैठक बोलावून त्यांनाच तोडगा काढायला सांगण्याची पद्धत आणली. तिचा पाया माओरी समाजाच्या रीतीत होता. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. भावकीत बसून प्रश्न सोडवणे इथे जुनेच आहे. फरक एवढाच की त्या बैठकीत मुलाचे हित कोणीतरी मोठ्याने मांडायला हवे, आणि इथल्या बैठकीत नेमका तोच आवाज ऐकू येत नाही.

या चौथ्या प्रवाहाला धार आली ती राज्यसंस्थेने केलेल्या मोठ्या चुकांमुळे. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या घरातून उचलून गोऱ्यांच्या संस्थांत ठेवले गेले. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने ते जगापुढे आणले. कॅनडातील निवासी शाळांची कथा तशीच. हे दूरचे वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरची सेटलमेंट आणि तिचे तारेचे कुंपण हा महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आठवण रद्द झाली नाही. पारध्यांच्या पालावर किंवा बेड्यावर सरकारी गाडी थांबली की बायका पोरांना कवटाळून मागे का सरकतात, हे ज्या कार्यकर्त्याला ठाऊक नाही त्याने तिथे जाऊ नये. शहरांत सिग्नलवरची मुले उचलण्याच्या मोहिमा निघतात, मुले बालगृहात जातात, आया दिवसेंदिवस फाटकाबाहेर बसून राहतात. मुलाला भीक मागायला लावणे हा गुन्हा आहे, आणि मुलाला आईपासून तोडणे ही जखम आहे. दोन्ही खरे आहे. या दोन सत्यांमध्ये उभे राहून निर्णय घेणे, हेच या व्यवसायाचे अवघडपण.

उलटी चूकही तितकीच घातक ठरते. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये मारिया कोलवेल आणि २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी या दोन मुली मारहाणीत मेल्या, तेव्हा दोघींच्याही घराशी वेगवेगळ्या खात्यांचा संबंध होता. क्लिंबी प्रकरणावरील लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने दाखवले की धोक्याच्या खुणा अनेकांनी पाहिल्या होत्या. एकाने दुसऱ्याला सांगितले नव्हते. त्यानंतर तक्ते, फॉर्म, तपासयाद्या वाढल्या. २०११ मध्ये आयलीन मन्रो यांनी सरकारला दिलेल्या अहवालात त्याचा उलटा परिणाम मांडला: कार्यकर्त्यांचा वेळ फॉर्म भरण्यात जातो आणि मुलाबरोबर बसायला तो उरत नाही. हा इशारा भारतातल्या कोणत्याही जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आज लागू आहे.

भारतात हक्कांची भाषा उशिरा आली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत ठेवलेल्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ च्या निकालात न्यायालयाने राज्यागणिक वेगळे कायदे असण्यापेक्षा संसदेने देशभरासाठी एकच बालकायदा करावा असे सुचवले. त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा आला. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्याला मान्यता दिली. २००० च्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, वयोमर्यादा अठरा केली आणि बाल कल्याण समिती निर्माण केली. २०१५ च्या कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असल्याचे तत्त्वांमध्येच लिहिले. त्याच कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर घोर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाटही उघडली, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारी देतात.

या काळातली सर्वांत जिवंत घटना कायद्याबाहेर घडली. १९९६ मध्ये टाटा संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा फोन सुरू झाला. स्टेशनवर राहणारी मुले रात्री-अपरात्री फोन करत आणि पलीकडे त्यांच्याच भाषेत बोलणारा कोणीतरी असे. पुढे ही सेवा देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनाने आपल्याकडे घेऊन ११२ शी जोडली आहे. १०९८ वर आलेला एक फोन म्हणजे अनेकदा संपूर्ण यंत्रणेची सुरुवात: मनमाड किंवा भुसावळच्या फलाटावर सापडलेला मुलगा, घरात कोंडलेली कामवाली पोर, उद्या पहाटे होऊ घातलेले लग्न.

२००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. ‘आपल्याकडे असे होत नाही’ या वाक्याचा आधार तिथे संपला. २०१२ मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा झाला. गुन्हा कळला की तो नोंदवणे प्रत्येकाला सक्तीचे झाले. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचे, मुलाचा जबाब गणवेशात घ्यायचा नाही, आणि समितीने खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती द्यायची, अशी रचना आली. बहुतेक वेळा ही व्यक्ती सामाजिक कार्यकर्तीच असते. तिचे काम ऐकायला सोपे वाटते: मुलीला न्यायालयात नेणे, पुढची तारीख सांगणे, आईला भाडे मिळवून देणे. प्रत्यक्षात तीच हकीकत शिक्षिकेला, पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना, समितीला आणि शेवटी न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगताना मुलीचा हात धरून बसणे, हे ते काम आहे.

पॉक्सोने नवे पेचही आणले. प्रेमातून घर सोडलेली सोळा-सतरा वर्षांची जोडपी गुन्ह्याच्या चौकटीत आली. गरोदर अल्पवयीन मुलीला दवाखान्यात नेले तर पोलीस येणार, या भीतीने घरच्यांनी तिला लपवले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर गर्भपाताच्या वेळी डॉक्टरांनी तिची ओळख पोलिसांना देण्याची गरज नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या घाबरलेल्या आईला ही गोष्ट सांगणारे कोणीतरी हवे असते. तिथेही कार्यकर्तीच लागते.

हा विषय आज निकडीचा का आहे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या नकाशावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचा धागा ऊसतोडीशी जुळतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघायच्या आधी पोरीचे लग्न लावले की एक नवा कोयता तयार होतो, आणि पाचटाच्या कोपीत वयात आलेली मुलगी सांभाळण्याची काळजी मिटते. हे अर्थकारण न समजता मंडपात पोलीस घेऊन गेले, तर लग्न त्या दिवशी थांबते आणि आठ दिवसांनी दुसऱ्या गावात लागते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हा ग्रामसेवक असतो. ज्या गावात रोज काम करायचे, त्याच गावाला तो दुखवायला कचरतो. मुलीला हंगामी वसतिगृहात जागा मिळवून देणारी, उचल फिटेपर्यंत कुटुंबाशी बोलत राहणारी कार्यकर्ती जे थोपवू शकते ते एकट्या फौजदारी कलमाने थोपत नाही.

करोनाने मुलांची आणखी एक मोठी फळी निराधार केली. २०२१ मध्ये राज्याने आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. एक पालक गमावलेल्या हजारो मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व हे आधार उरले. बालगृहांत राहणाऱ्या कित्येक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मूल तिथे आले ते घरात दोन वेळचे जमत नव्हते म्हणून. अशा घराला वेळेवर मिळालेले दरमहाचे पैसे मूल घरी ठेवू शकतात. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, शाळेचे बोनाफाइड हे गोळा करण्यासाठी विधवा आई तालुक्याला तीन-चार खेपा घालते आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. कार्यकर्त्याने एकदा तिच्यासोबत तहसीलमध्ये जाऊन यावे. समुपदेशनाच्या दहा बैठकांपेक्षा त्या एका खेपेचा उपयोग अधिक.

हे सगळे करायला माणसे किती? २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेपासून प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. योजनेच्या आकृतिबंधात एका कक्षासाठी दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्रीय कार्यकर्ते धरलेले आहेत. अहिल्यानगरसारख्या चौदा तालुक्यांच्या आणि सतरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यालाही हाच आकृतिबंध. नेमणुका कंत्राटी, मानधनावर. करार संपला किंवा दुसरी नोकरी लागली की कार्यकर्ता जातो. मागे राहिलेल्या मुलाला नव्या माणसाशी ओळख पहिल्यापासून करावी लागते, आणि ज्याने एकदा मोठ्यांवरचा विश्वास गमावला आहे त्याला ती करावीशी वाटत नाही. ऐकलेल्या हकीकती कार्यकर्त्याच्याही मनात साचतात. रात्री झोप न लागणे, स्वतःच्या मुलांविषयी सतत धास्ती वाटणे, नंतर नंतर काहीच न वाटणे ही त्या साचण्याची लक्षणे आहेत. ज्याला आता काहीच वाटत नाही तो गृहभेटीत काही पाहू शकत नाही. म्हणून कार्यकर्त्याची काळजी घेणे हा बाल संरक्षणाचाच भाग मानायला हवा, सवलत म्हणून नव्हे.

या पुस्तकाची गरज भाषेच्या बाजूनेही आहे. बाल संरक्षणाचे बरेचसे प्रशिक्षण-साहित्य इंग्रजीत आहे, अहवाल लिहायचा तो प्रमाण मराठीत आणि मूल बोलते ते अहिराणीत, वऱ्हाडीत, कोरकूत, गोंडीत किंवा पारध्यांच्या बोलीत. या तीन पायऱ्यांवर मुलाचे म्हणणे सांडत जाते. ‘त्यो मला तरास देतो’ असे मुलगी म्हणते. ‘तरास’ म्हणजे मारणे, चिडवणे, काम लावणे, अंगाला हात लावणे यांतले काहीही असू शकते. घाईतला कार्यकर्ता त्याचे ‘लैंगिक शोषण केले’ असे करून टाकतो, किंवा ‘किरकोळ भांडण’ असे. दोन्ही वेळा मुलगी जे बोलली ते नोंदीतून गेले. तिचा शब्द जसाच्या तसा लिहावा, मग तिने त्याचा अर्थ कसा उलगडला तो लिहावा, आणि कार्यकर्त्याचे अनुमान वेगळ्या परिच्छेदात लिहावे. एवढी साधी शिस्त पुढे न्यायालयात मुलीच्या बाजूने उभी राहते.

प्रस्तुत ग्रंथ कायद्याची टीका-टिप्पणी नाही आणि योजनांची पुस्तिकाही नाही. दोन्ही इतरत्र मिळतात आणि शासन निर्णय बदलले की जुन्या होतात. पाहणे, ऐकणे, लिहिणे आणि सोबत राहणे या चार कृती केंद्रस्थानी ठेवून हे काम शिकवता येते, अशी या ग्रंथाची धारणा आहे. म्हणून कलमे येतात ती प्रसंगाच्या ओघात, आणि सिद्धान्त येतात ते एखाद्या निर्णयापाशी अडल्यावर. मूल हलवावे की ठेवावे या प्रश्नावर ग्रंथ एका शाळेची बाजू घेत नाही. प्रत्येक प्रकरणात कोणती चूक अधिक महागात पडेल हे विचारण्याची सवय लावणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. विधी संघर्षग्रस्त बालकांचा विषय इथे जिथे काळजी-संरक्षणाला येऊन भिडतो तिथपर्यंतच घेतला आहे. बाल न्याय मंडळासमोरची प्रक्रिया स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. आंतरदेशीय दत्तकाचाही केवळ ओझरता उल्लेख आहे.

समाजकार्याचे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले कार्यकर्ते आणि समित्यांचे सदस्य हे वाचक डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्या जोडीला अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, वर्गशिक्षक आणि पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी यांनाही हाताशी ठेवता यावे म्हणून भाषा बोलीच्या जवळ ठेवली आहे. कार्यकर्त्यांच्या तोंडी रुळलेले केस, फॉलोअप, रेस्क्यू हे शब्द तसेच राहू दिले आहेत, कारण त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर पर्याय घातले तर वाचणारा आपल्या कामापासून दूर जातो. ग्रंथातील प्रसंग कामाच्या अनुभवातून बेतलेले आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे नावे, गावे, नाती, शाळा आणि काही ठिकाणी वय व ऋतूही बदलले आहेत, आणि एका मुलाची हकीकत दोन-तीन मुलांच्या हकीकतींत मिसळून मांडली आहे. मुलांचे शब्द मात्र शक्य तिथे त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. कठीण बोलीशब्दांचे अर्थ त्या त्या पानाच्या तळाशी दिले आहेत.